प्लास्टिक कुठं द्यायचं, पैसे कुणाला मिळतात? सोलापूरच्या वस्त्यांमधून वारंवार येणारे प्रश्न

आमचा गट पूर्व भागातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिक गोळा करतो, निवडतो आणि विकतो. गटात विडी वळणाऱ्या बायका आहेत, यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या आहेत, आयटीआय करून घरी बसलेली पोरं होती तीही आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर, दारात, जुळे सोलापूरच्या सोसायट्यांच्या बैठकीत, शाळेच्या फाटकापाशी तेच ते प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही नेमकं करता काय? भंगारवाल्यापेक्षा वेगळं काय त्यात?

ठरलेल्या दिवशी घरोघरी जाऊन सुकं प्लास्टिक आणतो, शेडवर प्रकाराप्रमाणे निवडतो, गठ्ठे बांधतो आणि पुनर्वापर करणाऱ्या कारखान्याला विकतो. वितळवून दाणा (नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल) आम्ही करत नाही. भंगारवालाही बराचसा हेच करतो आणि त्याचं काम मोलाचं आहे. फरक दोन ठिकाणी आहे. ज्याला बाजारात भाव नाही, असंही थोडं आम्ही उचलतो. आणि निवडायचं काम ज्या बाया करतात, वजनकाटा आणि हिशेबाची वही त्यांच्याच हातात असते. ही दुसरी गोष्ट आम्हाला पहिलीपेक्षा मोठी वाटते. का, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

२. ताई, कुठलं प्लास्टिक द्यायचं आणि कुठलं नाही?

डोळे झाकून द्या: पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या, दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या, शाम्पू-फिनेलचे डबे, बादल्या, मग, तुटलेल्या खुर्च्या, निळे बॅरल, डब्यांची झाकणं, धान्याची प्लास्टिकची पोती, नव्या कपड्यांवरची पातळ पारदर्शक पिशवी.

वेगळ्या पिशवीत द्या: चिप्स-बिस्किटांच्या चकचकीत पुड्या (प्रश्न ६).

देऊ नका: पॅड, डायपर, सुया, सलाइनच्या नळ्या (प्रश्न २२), कीटकनाशकाच्या बाटल्या (प्रश्न २०), पीव्हीसीचे पाइप आणि डिजिटल फलक (प्रश्न २१), कागदी कप (प्रश्न १८).

अडलं तर एक सोपा नियम: ओलं अन्न किंवा रक्त लागलेलं काही आमच्या पोत्यात नको. बाकी चुकलं तरी आम्ही निवडून घेऊ.

३. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो तो कशाचा?

तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पेट, पाण्याची बाटली. २ म्हणजे एचडी, शाम्पूचा डबा, बॅरल. ३ पीव्हीसी. ४ म्हणजे एलडी, दुधाची पिशवी. ५ म्हणजे पीपी, जेवणाचे पार्सलचे डबे, पोती. ६ पॉलिस्टायरिन, थर्माकोल त्यातलाच. ७ म्हणजे उरलेलं सगळं.

त्रिकोण आहे म्हणून ती वस्तू पुन्हा वापरात येतेच, असं मात्र नाही. पुष्कळांचा हा गैरसमज आहे.

मुलांना एक प्रयोग दाखवा. बाटलीचा तुकडा आणि तिचंच टोपण पाण्याच्या टोपात टाका. टोपण तरंगतं, बाटली बुडते, कारण टोपण एचडी किंवा पीपीचं असतं आणि ते पाण्यापेक्षा हलकं आहे. कारखान्यातही चुरा असाच पाण्यात टाकून वेगळा करतात. अडचण येते ती पीव्हीसीची. पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात, त्यामुळे टोपात ते वेगळे होत नाहीत. पेट वितळायला २५० अंशांच्या वर तापमान लागतं. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी जळून त्यातून आम्ल बाहेर पडतं आणि सगळी पेट पिवळी पडते. मूठभर पीव्हीसीनं पोतं नासतं. आमचा एक अख्खा टेम्पो अशानंच परत आला होता. भाडं आम्हीच भरलं, आणि त्या दिवशी शेडवर कुणी जेवलं नाही. तेव्हापासून प्रत्येक बाटलीचं बूड बघतो. पेटच्या बुडाला मधोमध टिंब असतं, पीव्हीसीच्या बुडाला बहुधा आडवी रेघ असते. दाबल्यावर घडी पांढरी पडली तर ती बाजूला काढतो.

४. धुऊन द्या म्हणता, पण पाणी कुठून आणू? आमच्याकडं नळ कधी येतो ते तुम्हाला ठाऊक नाही का?

ठाऊक आहे. आमच्याही घरी बॅरल भरूनच ठेवतात. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून जास्त लांबून येतं, ते प्लास्टिक धुण्यात घालवा असं आम्ही कुणालाच सांगणार नाही.

स्वच्छ पाण्यात धुवायची गरजच नाही. भांडी विसळून झाल्यावर जे शेवटचं पाणी उरतं, त्यात दुधाची पिशवी बुचकळा आणि दोरीला चिमट्यानं लटकवा. सोलापूरच्या उन्हात ती दहा मिनिटांत कडकडीत वाळते. तेलाच्या पिशवीला आणि शेंगा चटणीच्या पाकिटाला पाणी लावूच नका, तेल पसरतं. रद्दी कागदानं आतून पुसा. पाण्याच्या बाटल्या धुवायच्या नाहीत, फक्त रिकाम्या करा, पायाखाली चेपा आणि टोपण लावून द्या. चेपायचं कारण असं की टेम्पोत आम्ही बाटल्यांपेक्षा हवाच जास्त वाहत असतो, आणि भाडं हवेचंही पडतं.

धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं. ओलं प्लास्टिक पोत्यात राहिलं की दोन दिवसांत वास सुटतो, अळ्या होतात, आणि निवडणारी बाई आजारी पडते. दुधाची पिशवी वाळवून देणं म्हणजे तिच्या हाताची काळजी घेणं आहे, एवढं लक्षात ठेवलं तर बाकीचं आपोआप जमतं.

५. दुधाच्या पिशवीचं टोक कापू नका म्हणता, मग दूध काढायचं कसं?

कापा, पण तुकडा वेगळा करू नका. चीर द्या, टोक पिशवीला लटकत राहू द्या. तो नखाएवढा तिकोनी तुकडा कुणीच उचलत नाही, तो गटारीत जातो. पिशवी चांगल्या प्रतीच्या एलडीची असते, तिला भाव आहे. अर्ध्या लिटरच्या साडेतीनशे-चारशे पिशव्या जमल्या की किलो होतं, म्हणून एका घराला ते फुटकळ वाटतं. गल्लीला नाही.

६. चिप्स-बिस्किटांच्या पुड्या तुम्ही घेता, पण त्याचं करता काय?

खरं सांगायचं तर विकत कुणी घेत नाही. अशा पुडीत दोन-तीन थर चिकटवलेले असतात: बाहेर छपाईचा, मधे अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, आत पॉलिथिनचा. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून दाणा होत नाही. असा माल सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जाळतात. तिथलं तापमान १,४०० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे गल्लीत जाळण्यासारखा विषारी धूर होत नाही. कर्नाटकातल्या वाडी-सेडमकडच्या चुनखडीच्या पट्ट्यात अशा भट्ट्या आहेत. पण तिथवर न्यायचं भाडं मालातून निघत नाही.

ते कुणी द्यायचं? कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. पुडीत माल भरून विकणाऱ्या कंपनीनं. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या जबाबदारीचे नियम आणले, त्यात अशा थरांच्या वेष्टनांचा वेगळा गट आहे. तो पैसा खाली वस्तीपर्यंत पोचायला हवा, ही आमची मागणी आहे. तोवर आम्ही या पुड्या दाबून साठवतो आणि गाडी भरली की पाठवतो. गुटख्याच्या पुड्याही येतात. खरं तर प्लास्टिकच्या पुडीत गुटखा आणि तंबाखू विकायला देशभर मनाई आहे आणि महाराष्ट्रात गुटखाच २०१२ पासून बंद आहे. पोत्यात त्या सापडायच्या थांबलेल्या नाहीत.

७. आम्ही सगळं घंटागाडीत टाकतोच की. मग तुम्ही कशाला?

ओला कचरा घंटागाडीतच टाका. सुका वेगळा ठेवून तिथं दिलात तरी आमची तक्रार नाही. वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा नियमांपासून प्रत्येक घरावर बंधनकारकच आहे. आमचं म्हणणं फक्त मिसळलेल्या कचऱ्याबद्दल आहे. भाजीच्या देठांत आणि आमटीत भिजलेली बाटली तुळजापूर रोडच्या डेपोपर्यंत गेली की तिचा भाव संपतो. तीच बाटली तुमच्या दारात कोरडी असताना कुणाच्या तरी घरचं मीठ-मिरची होऊ शकते.

८. तुम्ही आलात म्हणून रस्त्यावर वेचणाऱ्या बायांचं आणि गल्लीतल्या भंगारवाल्याचं काय? त्यांच्या पोटावर पाय नाही का पडत?

हा प्रश्न आम्हाला एका कचरावेचक मावशींनीच विचारला होता. तोवर आमच्यातल्या कुणाच्याच मनात तो आला नव्हता, आणि याची आम्हाला लाज वाटली.

पडू शकतो. नवा गट आला, स्वच्छ गणवेश आला, सोसायटीनं फाटक त्यांनाच उघडलं, आणि वीस वर्षं तिथं वेचणारी बाहेर राहिली, असं अनेक ठिकाणी घडतं. म्हणून आम्ही एक गोष्ट ठरवून घेतली. ज्या गल्लीत आधीपासून कुणी वेचतं, तिथं आम्ही त्यांच्याशी बोलल्याशिवाय जात नाही. त्या गटात आल्या तर त्यांची गल्ली त्यांच्याकडंच राहते. यायचं नसेल तर आम्ही ती गल्ली सोडतो. भंगारवाल्याकडं लोखंड, रद्दी, काच जाते, त्याला आम्ही हात लावत नाही. उलट आमच्याकडं एचडी थोडीच जमली तर ती त्यालाच विकतो, कारण थोड्या मालाला तो आमच्यापेक्षा चांगला भाव आणतो.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, आणि तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. तिथून आम्ही शिकलो ते हे: दारोदार जायचे घराकडून दरमहा पैसे आणि निवडलेल्या मालाचेही पैसे, दोन्ही वेचणाऱ्यालाच. कचरावेचकांनी ओळखपत्रासाठी महापालिकेत नोंदणीची चौकशी जरूर करावी. सफाई कामगारांसाठीच्या केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पासून त्यांचाही समावेश झाला आहे.

९. पैसे कसे वाटता? खरंच बायांना मिळतात की कुणी मधलाच खातो?

वही उघडी असते, कुणीही येऊन बघावी. पद्धत अशी.

समजा आठवड्यात ५०० किलो माल न निवडता, मिसळलेला, सरासरी १८ रुपयांनी विकला. आले ९,००० रुपये. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, भाव रोज हलतो.) टेम्पो, शेडचं भाडं, वीज, हातमोजे मिळून २,२०० गेले. उरले ६,८००. त्यातला दहावा हिस्सा, ६८०, गटाच्या राखीव पेटीत. राहिले ६,१२०. सगळ्यांचे मिळून २०४ तास भरले, तर तासाला ३० रुपये.

आता तोच माल नीट निवडला. पारदर्शक पेट वेगळी, हिरवी वेगळी, टोपणं वेगळी, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. सरासरी भाव २४ झाला. आले १२,०००. खर्च तोच. उरलेल्या ९,८०० मधून पेटीत ९८०, वाटायला ८,८२०. निवडायला वेळ जास्त गेला, २४० तास धरू. तरी तासाला पावणेसदतीस रुपये. म्हणजे कमाई वाढली ती यंत्रानं नाही, बायांच्या नजरेनं.

यातून दोन गोष्टी दिसतात. वाटप तासावर होतं, माणसावर नाही, त्यामुळे दुपारी मुलाला आणायला गेलेली बाई कमी पडत नाही आणि तिच्यावर कुणी रागावतही नाही. दुसरी गोष्ट कडू आहे. नुसत्या मालाच्या विक्रीवर पूर्ण वेळेचा पगार निघत नाही. म्हणून आम्ही घरांकडून महिन्याला थोडे पैसे मागतो. ‘आमचाच कचरा देतो आणि वर पैसे?’ असं विचारणाऱ्यांना हाच हिशेब दाखवतो.

पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात जातात. नवऱ्याचा नंबर देऊ का, असं बऱ्याच जणी विचारतात. नाही. खातं नसेल तर आमची पोरगी बँकेत सोबत येते.

१०. मी विडी वळते. ते सोडून तुमच्याकडं येऊ का?

लगेच सोडू नका. विडीच्या कामातून तुमचं कार्ड आहे, भविष्य निर्वाह निधी आहे. हे काम दिवसातले तीन-चार तास देतं, तेही आठवड्यातून काही दिवस. आमच्यातल्या निम्म्या बाया सकाळी इथं येतात आणि दुपारी सूप मांडीवर घेतात. सहा महिने बघा, मग ठरवा. एक फरक त्या आवर्जून सांगतात. निवडायचं टेबल कमरेएवढं उंच आहे, उभ्यानं काम होतं, आणि तंबाखूची धूळ छातीत जात नाही.

११. घरचे म्हणतात, कचऱ्यात हात घालायचं काम आपल्यात करत नाहीत. काय सांगू?

आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीनं हे ऐकलं आहे. शब्दांनी फार काही होत नाही. सासूबाईंना एकदा शेडवर घेऊन या, चहा आमच्याकडं. कोरडं निवडलेलं प्लास्टिक पाहिलं की ‘कचरा’ हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप जातो. आणि कुणाच्या घरातला कचरा कुणी उचलायचा हे जातीनं ठरवायची जी रीत आहे, ती आम्हाला मान्य नाही. आमच्या टेबलावर सगळ्या वस्त्यांच्या, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या बाया शेजारी शेजारी उभ्या असतात. गुणवत्तेवरून भांडतात, तेवढंच.

१२. माझ्या मुलाचा आयटीआय झालाय, पुण्याला जायचं म्हणतो. त्याला इथं काही काम आहे का?

आहे, पण सगळ्यांना पुरेल एवढं नाही. तरुणांसाठी आमच्याकडं चार कामं असतात: चुऱ्याच्या यंत्राची पाती आणि मोटर सांभाळणं, गल्ल्यांचा रस्ता आखणं, मोबाइलवर वजनाची नोंद, आणि खरेदीदाराशी भावाची बोलणी. यंत्रमागाच्या गल्लीत वाढलेल्या पोराला पट्टा, बेअरिंग, मोटर शिकवावी लागत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचंच असेल तर जाऊ दे, पण आधी दोन महिने इथं हात चालवून गेला तर पुण्यातही उपयोगी पडेल. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं-मुली येतात, ती घरोघरी समजावून सांगायला. त्यांच्याकडून निवडायचं काम फुकटात करून घेत नाही, कारण ते कुणाच्या तरी मजुरीचं काम आहे.

१३. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, सुट्टीत येऊ दे का?

निवडायच्या टेबलावर आणि यंत्रापाशी नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्यानं मनाई आहे, १४ ते १८ मधल्यांना धोक्याच्या कामावर. आम्ही सरळ १८ ची रेघ ओढली आहे. आईसोबत आलेल्या मुलांसाठी शेडच्या पुढच्या खोलीत अभ्यासाची सोय आहे.

१४. आम्हाला आमच्या गल्लीत असा गट काढायचा आहे. कुठलं यंत्र घेऊ?

कुठलंच नाही, निदान पहिलं वर्षभर. वजनकाटा, उंच टेबल, हातमोजे, मास्क, पोती आणि कोरडी जागा घ्या. प्रत्येकीला धनुर्वाताची सुई द्या. यंत्र आधी घेतलं की त्याचा हप्ता भरायला माल हवा, म्हणून वाट्टेल तो माल आणला जातो, आणि निवड बिघडते. असे बंद पडलेले गट आम्ही पाहिले आहेत.

माल नियमित यायला लागला की गठ्ठे बांधायचं यंत्र आधी घ्या, चुऱ्याचं नंतर. चुरा केला की खरेदीदाराला आत काय आहे ते दिसत नाही, आणि विश्वास नसेल तर तो भाव पाडतो. चुऱ्याच्या यंत्रापाशी साडीचा पदर खोचलेला, ओढणी काढलेली, बांगड्या उतरवलेल्या, केस बांधलेले हवेत. आणि बटण बंद करणारी दुसरी बाई जवळ उभी हवी, एकटीनं यंत्र चालवायचं नाही. शेडमध्ये विडी-सिगारेट नाही, वाळूच्या बादल्या दारातच.

१५. परवाना लागतो का? कर्ज मिळतं का?

नुसतं गोळा करून निवडायला महापालिकेची परवानगी आणि जागेचे कागद घ्या. धुणं, चुरा, दाणा करायला लागलात की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि पुनर्वापर करणारे म्हणून नोंदणी लागते. धुतलेलं पाणी तसंच गटारीत सोडू नका. त्यात प्लास्टिकचे बारीक कण असतात, गाळणी आणि निवळणीची टाकी हवी.

कर्जासाठी बचत गटाची वही हीच तारण समजा. नियमित बैठक, बचत, आपापसातलं कर्ज, परतफेड आणि नोंदी, ही पंचसूत्री पाळलेल्या गटाला बँक नाही म्हणत नाही. ग्रामीण भागात ‘उमेद’ (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या सहयोगिनींना भेटा. मोठं यंत्र घ्यायचं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमांची चौकशी करा. पंतप्रधानांच्या योजनेत महिलांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. अटी बदलत असतात, ताजा कागद तिथूनच घ्या.

१६. इंटरनेटवर बघून घरच्या घरी वितळवून कुंड्या करता येतील का?

स्वयंपाकघरात अजिबात नाही. एलडी ११० अंशांच्या आसपास, एचडी १३० च्या, पीपी १६० च्या वर मऊ पडतं, त्यामुळे ते सोपं वाटतं. पण कढईत तापमान आवरत नाही, एक तुकडा पीव्हीसीचा असला तरी धूर विषारी होतो. हौसेनं शिकायचंच असेल तर डेव्ह हॅकन्स या डच तरुणानं २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेशस प्लास्टिक’चे यंत्रांचे आराखडे कुणालाही मोफत मिळतात. ते उघड्या, हवेशीर जागी, तापमान मोजणाऱ्या यंत्रावर करायचं. आणि अशा कुंडीत फुलझाडं लावा, डबे करून त्यात अन्न ठेवू नका.

१७. पिशव्यांवर बंदी आहे. जुन्या पिशव्या तुम्हाला दिल्या तर आम्हाला दंड होईल का?

नाही. कचरा म्हणून देणं हा वापर नव्हे. बंदी वापर, विक्री, साठा आणि उत्पादनावर आहे. राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्राच्या नियमात १२० मायक्रॉनपेक्षा जाड पिशवी चालते, म्हणून दुकानदार तसं सांगतात. महाराष्ट्रात हातात धरायची प्लास्टिकची पिशवी जाडी न बघता बंद आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, ताटं, पेले, स्ट्रॉही बंद झाले.

१८. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी, ती कापडासारखी मिळते ती, आणि चहाचा कागदी कप, हे तरी चालतं ना?

तिन्ही आमच्या पोत्यात नको. कंपोस्टेबल पिशवी एलडीत मिसळली की दाणा बिघडतो, आणि अंगणातल्या खड्ड्यात ती लवकर कुजत नाही, मोठ्या खतप्रकल्पाची उष्णता लागते. कापडासारखी दिसणारी पिशवी पीपीची असते, कापडाची नाही. उजेडात धरा, ताणा-बाणा दिसणार नाही. सोलापूरच्या माणसाला तरी तो ओळखू यावा. कागदी कपाला आतून पॉलिथिनचा थर असतो, म्हणून तो रद्दीतही जात नाही.

१९. आमचा यंत्रमाग कारखाना आहे. कोन आणि पोती घ्याल का?

आनंदानं. सुताच्या प्लास्टिकच्या कोन आणि सुतावरची पारदर्शक पिशवी हा आम्हाला मिळणारा सगळ्यात स्वच्छ माल आहे. कोनवरचं उरलेलं सूत काढून द्या, कागदी कोन वेगळ्या ठेवा. एक प्रश्न कारखानदार हमखास विचारतात: बाटलीपासून सूत होतं, मग त्याचं टॉवेल का नाही? पेट बाटलीपासून पॉलिस्टरचा धागा होतो हे खरं. पण टॉवेलला पाणी शोषणारं सूत लागतं, ते कापसाचंच.

२०. शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा कागद, औषधाच्या बाटल्या?

नळ्या द्या, त्यांना चांगला भाव आहे. आतली माती झटकून हातभर तुकडे करून बांधा. मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाभोवतीची जमीन झाकायचं पातळ प्लास्टिक, अवघड आहे. २५-३० मायक्रॉनचा पातळ कागद रानातून निघताना फाटतो आणि वजनात निम्मी मातीच येते, म्हणून खरेदीदार नाकारतात. कोरड्या दिवशी काढा, झटका, गुंडाळी करून आणा, मग प्रयत्न करू. रानात पुरू नका, तुकडे मुळांच्या आड येतात. डाळिंबाच्या बागा असलेल्या गावांनी हंगाम संपताना एकत्र कळवलं तर गाडी पाठवणं परवडतं. औषधाच्या बाटल्या घेत नाही. तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी त्यात पाणी भरणार नाही.

२१. वाढदिवसाचे डिजिटल फलक आणि पीव्हीसीचे पाइप का नको?

डिजिटल म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा लेप, वेगळा होत नाही. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ फलक बंदीतच आहेत. जाड असेल तर कडब्याच्या गंजीवर झाका. पाइप नळाच्या कामाच्या भंगारवाल्याकडं द्या, तो घेतो. आमच्याकडं का नको, ते प्रश्न ३ मध्ये.

२२. पॅड आणि डायपरमध्येही प्लास्टिकच असतं ना?

असतं, पण पुनर्वापर होत नाही. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल खूण करा, घंटागाडीत वेगळं द्या. मधुमेहाच्या सुया टोपण असलेल्या जाड डब्यात साठवून दवाखान्यात परत करा. आमच्या एका ताईच्या बोटात बिस्किटाच्या पुडीतून सुई घुसली होती. पुढचे तीन महिने ती तपासण्या करत होती, आणि झोपेतून दचकून उठत होती.

२३. गड्ड्याच्या जत्रेत किंवा लग्नात तुम्ही याल का?

येतो, आठवडाभर आधी सांगा. होम मैदानावर संक्रांतीच्या दिवसांत पाण्याच्या बाटल्यांचा जो ढीग पडतो, तो पहाटे उचलला तरच स्वच्छ मिळतो. उष्ट्यात पडून रात्र गेली की मातीमोल. लग्नात वाढप्यांच्या शेजारी आमची एक बाई बाटल्यांसाठी पोतं घेऊन उभी राहते. त्याचे पैसे घेतो. पण आधी स्टीलचे पेले भाड्यानं आणता येतात का, हे आम्हीच विचारतो.

२४. थंडीत शेकोटीला थोडं प्लास्टिक जाळलं तर काय होतं?

पीव्हीसी असेल तर डायॉक्सिनसारखी विषं निघतात. बाकीच्याची काजळी आणि वायूही छातीला वाईट. शेकोटीभोवती बसतात ती म्हातारी माणसं आणि लहान मुलं. नका जाळू.

२५. प्लास्टिकचा रस्ता करतात ना? मग सगळं त्यातच का घालत नाही?

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आर. वासुदेवन यांची ही पद्धत, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तापवलेल्या खडीवर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकला की खडीला पातळ लेप बसतो, मग डांबर. डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के एवढंच प्लास्टिक लागतं. पीव्हीसी चालत नाही. म्हणजे इथंही निवड आलीच. ज्या पातळ पिशव्यांना भाव नाही त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला आहे. चांगली पेट किंवा एचडी रस्त्यात घालणं आम्हाला पटत नाही, ती पुन्हा वस्तू होऊ शकते.

२६. भाव पडला की गट मोडत नाही का?

डळमळतो. कच्चं तेल स्वस्त झालं की नवा दाणा स्वस्त होतो आणि जुन्या मालाला कुणी विचारत नाही. पोती छताला टेकतात. प्रश्न ९ मधली राखीव पेटी त्यासाठीच आहे, आणि घरांचे महिन्याचे पैसेही. अशा वेळी बाया कमी तास येतात, गट सोडत नाहीत.

२७. एवढं करून पर्यावरणाला खरंच काही फरक पडतो का?

आमच्या चार गल्ल्यांच्या गटारी पावसाळ्यात तुंबायच्या कमी झाल्या, हे डोळ्यांनी दिसतं. कंबर तलावात आणि गाईच्या पोटात जाणारं काही अडतं. पण प्लास्टिक दर वेळी वितळताना कमजोर होतं. बाटलीची पुन्हा बाटली क्वचित होते, बहुधा धागा, मग कुठलं तरी भरण. त्यामुळे विकत न घेतलेल्या बाटलीची बरोबरी आमचं काम करू शकत नाही. उपरण्याची पिशवी आणि घरचा तांब्या घेऊन निघणाऱ्या आजींना आम्ही रांगेत पहिलं उभं करतो.

२८. शेड बघायला कधी येऊ?

शनिवारी सकाळी दहाच्या पुढं. त्या दिवशी वजनाची गर्दी नसते, बोलायला वेळ असतो. येताना आठवड्याचं वाळवलेलं प्लास्टिक आणा आणि स्वतःच्या हातानं काट्यावर ठेवा, आकडा वहीत लिहिताना बघा. शाळेच्या सहली आधी कळवून याव्यात, एका वेळी वीसपेक्षा जास्त मुलं टेबलाभोवती मावत नाहीत.